जहांगीर की एनजीएमए? मुंबईत एकच दुपार मोकळी असेल तर

टाऊन हॉलमधली आबालाल रहिमान यांची चित्रं बघून झालीत, राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे यांचं संग्रहालय पाठ आहे आणि शाहू स्मारकात काय लागलंय यावर नजर असते, अशा कोल्हापूरकरासाठी हे लिहितोय. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठली, काम उरकलं आणि परतीच्या गाडीपर्यंत एक दुपार हाताशी राहिली. ती द्यायची कुठं? जहांगीर कलादालन आणि एनजीएमए (नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट) एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर आहेत, त्यामुळं ‘दोन्ही बघा की’ म्हणणं सोपं. पण सकाळभर कचेऱ्या फिरलेल्या माणसाचे डोळे तेवढी चित्रं घेत नाहीत. माझे तरी घेत नाहीत.

जहांगीरचं पारडं वरवर जडच. १९५२ पासूनची जागा, तिकीट नाही, आत शिरायला संकोच नाही. मंगळवारी चित्रं बदलतात, म्हणजे गेल्या खेपेचंच पुन्हा बघावं लागेल ही भीती नाही. आपल्याकडचे चित्रकारही तिथं प्रदर्शन लावतात. अर्थात नशिबाचा भाग आहेच. एखाद्या आठवड्यात पाय निघत नाही, तर एखाद्या आठवड्यात एका दालनात घोडे, दुसऱ्यात बुद्ध आणि तिसऱ्यात काशीचे घाट! ते मी चालवून घेतो.

मला अवघड जातं ते वेगळंच. तिथं चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो. अनेकांना हीच जहांगीरची गंमत वाटते आणि त्यांचं खरंही असेल. पण मी भिडस्त माणूस. चित्र नाही भावलं तरी त्याच्यासमोरून सरळ पुढं जाववत नाही. उगीच मान हलवायची, एक पाऊल मागं घ्यायचं, ‘रंग छान लागलेत’ म्हणायचं. भावलं तर आणखी पंचाईत, कारण मग बोलणं सुरू होतं. ‘गाव कुठलं?’ कोल्हापूर म्हटलं की संपलंच. कलानिकेतनला कोण होतं, दळवीज्‌मध्ये कोण शिकवायचं, मंगळवार पेठेतले अमुक कसे आहेत... माणूस जोडला जातो, चित्र बघायचं राहतं. नोंदवहीत अभिप्राय लिहून बाहेर पडताना माझ्या लक्षात चेहरा असतो, कॅनव्हास नाही.

एनजीएमएत असं कोणी नसतं. १९११ सालचा कावसजी जहांगीर हॉल, १९९६ पासून आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय. (दोन्ही वास्तूंमागं घराणं एकच, जहांगीरांचं.) तिकीट आहे, पण खिशाला कळणारही नाही. आत अर्धवर्तुळाकार मजले एकावर एक चढत जातात आणि शेवटी घुमट. गुडघे कुरकुरत असतील तर आधी विचार करा. मात्र एखाद्याचं सिंहावलोकनी प्रदर्शन लागलं असेल, तर या चढण्याला अर्थ येतो. २०१८ मध्ये तिथं चित्रकार महादेव धुरंधरांचं लागलं होतं. १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेला हा माणूस आपण छापील चित्रांतच जास्त पाहिलेला. तिथं त्यांची रेखाटनं, जलरंग, तैलरंग सगळं एका छताखाली. वरच्या मजल्यावर एखादी रेषा बघून शंका आली की खाली उतरून पहिलं रेखाटन पुन्हा बघायचं. कोणी विचारत नाही, कोणाला काही वाटत नाही.

लहान मुलं सोबत असतील तर मात्र या दोन्हींचा नाद सोडा आणि जहांगीरच्या शेजारी शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरा. तिथं ती तुम्हाला दमवतील, कंटाळणार नाहीत.

ज्यांना चार माणसांत चित्र खुलतं, त्यांनी जहांगीरलाच जावं, माझं ऐकू नये. बाकीच्यांनी निघण्याआधी एनजीएमएत सध्या काय लागलंय ते तेवढं बघून घ्यावं. तिथली प्रदर्शनं महिनोन्‌महिने चालतात आणि दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात गेलात तर हाती फारसं लागत नाही. आणि रविवारी रात्रीची महालक्ष्मी धरणार असाल तर प्रश्नच मिटला. सोमवारी एनजीएमए बंद असतं.