लास्कारिस वॉर रूम्स, व्हॅलेटा: भूमिगत युद्धकचेरीची भेट

माल्टाला जाणाऱ्याने व्हॅलेटामधील लास्कारिस वॉर रूम्स जरूर पाहाव्यात. मात्र तोफा आणि युद्धनौका पाहायला मिळतील या अपेक्षेने जाऊ नये. अप्पर बराक्का उद्यानाखालच्या खडकात खोदलेली ही दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिशांची कचेरी आहे, आणि कचेरी म्हणूनच ती पाहिली तर तिचे मोल कळते.

हवाई कारवाईच्या दालनात मी सर्वाधिक रेंगाळलो. तेथील घड्याळाच्या तबकडीवर पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे आणि निळे पट्टे आहेत. शत्रूच्या विमानांची वर्दी ज्या रंगाच्या पट्ट्यात काटा असताना येई, त्याच रंगाची खूण नकाशाच्या टेबलावर ठेवली जाई. त्यामुळे वरच्या सज्जातील अधिकाऱ्याला कोणती बातमी ताजी आणि कोणती शिळी, हे कोणालाही न विचारता समजत असे. हे काम प्रामुख्याने तरुणींकडे होते. युद्धामुळे माल्टात अडकलेली ख्रिस्तिना रॅटक्लिफ ही इंग्रज नर्तकी त्यांच्यापैकीच एक होती.

आरमाराच्या दृष्टीने या जागेचे महत्त्व जुलै १९४३ मध्ये शिगेला पोहोचले. इटलीच्या सिसिली बेटावरील स्वारीच्या वेळी दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती आयझेनहॉवर आणि आरमारप्रमुख ॲडमिरल कनिंगहॅम यांचा मुक्काम माल्टात होता आणि मोहिमेची सूत्रे येथूनच हलत होती. सिसिलीपाठोपाठ इटलीची आघाडी उघडली. याच आघाडीवर पुढे मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळवला, त्यामुळे मराठी माणसाला सिसिलीच्या नकाशासमोर थोडे अधिक थांबावेसे वाटले तर नवल नाही. युद्धानंतर येथे ब्रिटिश भूमध्य आरमाराचे मुख्यालय होते. १९६७ मध्ये ते नाटोकडे गेले आणि १९७७ मध्ये बंद झाले.

मार्गदर्शकासोबतच फिरावे, कारण रिकामी टेबले आणि टेलिफोन स्वतःहून फारसे बोलत नाहीत. पायऱ्या बऱ्याच आहेत, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करूनच उतरावे. वेळ उरल्यास बंदरापलीकडच्या बिर्गूतील सेंट अँजेलो किल्लाही पाहावा. ब्रिटिश आरमाराच्या दफ्तरी हा किल्ला चक्क ‘एचएमएस सेंट अँजेलो’ नावाची युद्धनौका म्हणून नोंदलेला होता, आणि युद्धात त्याने ६९ थेट मारे सोसले. दोन्ही ठिकाणे एका दिवसात निवांत होतात. प्रथम लास्कारिस पाहिल्यास किल्ल्यावरून दिसणाऱ्या बंदराचा अर्थ अधिक नीट लागतो.