तिच्या षड्जाला लावलेली पेटी : सदाशिव पेठेतील एका दुरुस्तीच्या दुकानाचा अनुभव

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर पेटी (हार्मोनियम) दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. त्याच्या दारावर पाटी नाही. तेथील वयोवृद्ध कारागीर एकटेच काम करतात, त्यांना जाहिरात आवडत नाही आणि त्यांच्या इच्छेचा मान राखून मी त्यांचे नाव येथे लिहीत नाही. परिसरातल्या गाणे शिकवणाऱ्या कोणालाही विचारले तरी पत्ता मिळतो. गेल्या आषाढात मी माझ्या वडिलांची पेटी तेथे दिली आणि भाद्रपदात परत आणली. त्या कामाविषयी सविस्तर लिहावे असे वाटले, कारण एकोणीस वर्षांनी पेटीकडे वळताना आणि पत्नीच्या गाण्याला साथ करण्याचे ठरवताना मला जी माहिती हवी होती, ती एकत्र कोठेही मिळाली नव्हती.

पेटी साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्यांची, खर्ज (खालच्या सप्तकात बोलणारा) आणि नर (त्याच्या वरच्या सप्तकात बोलणारा) असे सुरांचे, म्हणजे हवेने वाजणाऱ्या पितळी जिभल्यांचे, दोन संच असलेली आहे. आतले सूर जर्मन आहेत. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात याच पेटीवर मी हिला पहिल्यांदा साथ केली होती. पुढे लग्न झाले, नोकरीची गावे बदलली आणि पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. मागच्या वर्षी ती खाली काढली तेव्हा भात्याचे चामडे घड्यांवर फाटले होते आणि मंद्र (खालच्या) सप्तकातली एक पट्टी न दाबताच वाजत राहत होती. आधी मी ती दुसऱ्या एका ठिकाणी नेली. तेथे कोणतीही विचारपूस न करता मध्य सप्तकातले चार सूर टोकाशी इतके घासले गेले की ते चढून बेसूर झाले, आणि वर सगळे सूर बदलण्याचा सल्ला मिळाला. मी पेटी तशीच उचलून घरी आणली. ही हकीकत सांगण्याचे कारण एवढेच की पितळी सुराच्या जिभलीवरून एकदा निघालेला धातू परत येत नाही. टोकाशी घासल्यास सूर चढतो, मुळाशी घासल्यास उतरतो. त्यामुळे चूक काही प्रमाणात सावरता येते, परंतु प्रत्येक वेळी जिभली पातळ होत जाते.

सदाशिव पेठेतल्या त्या कारागीर काकांनी पेटी उघडण्यापूर्वी सगळे स्टॉप (हवेची वाट उघडणारे खटके) बंद करून भाता भरला आणि तो किती वेळात बसतो हे मोजले. मग एकेक स्टॉप उघडून हवा कोठून गळते ते कान लावून ऐकले. जवळजवळ अर्धा तास त्यांनी सुरांना हातही लावला नाही. सूर बदलायचे का, असे मी विचारले तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. गुजरातमधल्या पालिताण्याचेही सूर चांगले असतात, पण हे जर्मन सूर अजून पुष्कळ वर्षे बोलतील, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यानंतर त्यांनी जो प्रश्न विचारला, त्यासाठीच मी हे दुकान इतर सर्वांच्या वर ठेवतो.

“वाजवणार तुम्ही, पण गाणार कोण?”

मी सांगितले. पुढच्या खेपेला ताईंना घेऊन या, असे ते म्हणाले. ही आली तेव्हा त्यांनी तंबोरा न लावता तिला नुसता षड्ज (सा) लावायला सांगितला, मग मध्यम (म), मग तार षड्ज (वरचा सा). थोडा वेळ बोलण्यात गेल्यावर पुन्हा तेच करायला लावले. दोन्ही वेळा तिचा षड्ज काळी चारवर, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीवर, सहज स्थिरावला, आणि पेटी गांधार पद्धतीने काळी चारला लावायची असे ठरले.

हा निर्णय किती महत्त्वाचा असतो हे मला तोपर्यंत उमगले नव्हते. बाजारातली नवी पेटी बहुधा समान अंतराने लावलेली असते : सप्तकाचे १२०० सेंट (स्वरांतले अंतर मोजण्याचे एकक) धरले, तर शेजारच्या दोन पट्ट्यांत बरोबर १०० सेंटचे अंतर. कोणतीही पट्टी षड्ज धरली तरी ती सारखीच वाजते, पण तिचा शुद्ध गांधार (ग) तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून उमटणाऱ्या स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो आणि धैवतही (ध) साधारण तेवढाच चढा असतो. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर घातलेली आणि १९७१ पर्यंत टिकलेली बंदी ज्या आक्षेपांवर उभी होती, त्यांत हाही एक होता. गांधार पद्धतीत एक षड्ज निश्चित करून बाकीचे स्वर त्याच्याशी जुळवून लावतात. त्यामुळे त्या षड्जाला पेटी गोड लागते, पण इतर पट्ट्यांत तिचे दोष उघडे पडतात. माझ्या पेटीवर आता काळी एकमधून वाजवले तर धैवत स्पष्टपणे चढा लागतो, आणि पांढरी एकचा गांधार तर कानाला सहनच होत नाही. वडील याच पेटीवर काळी एकमधून वाजवत असत आणि माझा सगळा जुना रियाज त्याच पट्टीतला आहे. काकांनी हे सर्व आधी समजावून सांगितले, एका दिवसात ठरवू नका असेही बजावले. मी दोन दिवस विचार केला आणि हिच्या षड्जाला होकार दिला. एकल वादनासाठी पेटी लावून घेणाऱ्यांनी मात्र हा मार्ग पत्करू नये असे मला वाटते.

दुकानाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. तीन आठवड्यांचे काम सात आठवड्यांवर गेले. त्यातले काही दिवस पावसाळी हवेत अंतिम सूर लावायचे नाहीत या कारणाने गेले, ते मला पटते. पण उरलेल्या दिरंगाईचा निरोप आला नाही आणि दोन वेळा मला रिकाम्या हाती परतावे लागले. लेखी पावती मिळत नाही, म्हणून पेटी देताना आतली छायाचित्रे काढून ठेवावीत. नवा भाता, पट्ट्यांखालचे चामडे, काही स्प्रिंगा आणि ८४ सुरांची जुळणी यांचे साडेआठ हजार रुपये झाले. कामाची बारकाई पाहता मला ते रास्त वाटतात. घासलेले सूर लगेच थोडे सरकतात म्हणून त्यांनी पेटी आठवडाभर नुसती ठेवून पुन्हा तपासली. ही काळजी त्या पैशांत सहसा मिळत नाही.

कोजागिरीच्या रात्री आमच्या सोसायटीच्या गच्चीवर चाळीसएक श्रोत्यांसमोर आम्ही दोघांनी तासभर कार्यक्रम केला. बोटे अजून जड होती. काळी चारच्या भूप रागात गांधार पांढरी एकवर येतो, आणि काळी एकची सवय असलेला माझा हात तेथे जाताना पहिली दहा मिनिटे अडखळत होता. भाता मात्र इतका हलका झाला होता की हिने श्वास घेतला की माझा डावा हातही आपोआप सैल पडत होता. ती कोठे थांबणार, कोठे तान सोडून देणार, हे इतक्या वर्षांच्या सहवासामुळे मला तिच्या खांद्यांवरून कळत होते. पूर्वी स्नेहसंमेलनात ते कळले नव्हते, तेव्हा मी तिच्या पुढे धावलो होतो. भूपाच्या विस्तारात ती गांधारावर बराच वेळ थांबली. मी फक्त ती एक पट्टी धरून ठेवली, खर्जाचा संच बंद केला आणि नराचा सूर अगदी हलक्या भात्यावर ठेवला. तंबोरा, तिचा आवाज आणि पेटी यांतले काय कोठून येते आहे, हे मलाही वेगळे करता आले नाही.

शेवटी एका ज्येष्ठ शेजाऱ्यांनी स्वतः पांढरी एकमध्ये एक अभंग म्हणण्याची इच्छा व्यक्त केली. मी त्यांची क्षमा मागितली आणि त्यांनी तो नुसत्या तंबोऱ्यावर म्हटला. माघात हवा कोरडी झाल्यावर सूर पुन्हा एकदा तपासून घ्या, असे काकांनी सांगून ठेवले आहे. त्यासाठी त्यांनी वेगळे पैसे लावलेले नाहीत. हिला सोबत आणायला मात्र आठवणीने सांगितले आहे.