जुनी वनस्पतीचित्रं विकत घेताय? आधी माझा ८५ हजारांचा अनुभव वाचा

लिहू की नको असं दोन महिने चाललं होतं, पण गेल्या आठवड्यात जे झालं त्यानंतर गप्प बसणं बरोबर वाटेना म्हणून लिहितेय. थोडं मोठं होईल. पण जुनी बोटॅनिकल एन्ग्रेव्हिंग्ज, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली झाडाफुलांची चित्रं, जमवणारं तुमच्यात कोणी असेल तर कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

मी ठाण्यात राहते, माहेर कुडाळजवळचं, ज्युनिअर कॉलेजात २९ वर्षं बॉटनी शिकवली. रिटायर झाल्यावर हा नाद लागला. दोन वर्षांपूर्वी मुंबईत एका हॉटेलात जुन्या नकाशांचं आणि प्रिंट्सचं प्रदर्शन-विक्री होती, तिथे एका गृहस्थाकडून मी कर्टिसच्या बोटॅनिकल मॅगझिनचं एक छोटं पान घेतलं ३,२०० रुपयांना. हे मासिक १७८७ साली लंडनला सुरू झालं आणि त्यातली चित्रं पार १९४८ पर्यंत हाताने रंगवत असत. ते पान अस्सल होतं, आजही अस्सलच आहे, आणि मला आता कळतंय की ते अस्सल होतं म्हणूनच पुढचं सगळं झालं. पहिला माल चोख दिला की गिऱ्हाईक पुढच्या वेळी तपासत नाही.

सात-आठ महिने तो माणूस व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवत राहिला, कधी घाई नाही, कधी आग्रह नाही. मग एक दिवस फोन. "ताई, एक चीज आलीय, बाहेर कुणाला दाखवली नाहीये. तुमचंच फळ आहे, फणस. आणि वर नागरीत नाव लिहिलंय."

हॉर्टस मलाबारिकस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण हे कळल्याशिवाय मी का विरघळले ते कळणार नाही. हेंड्रिक फान रीड हा कोचीनचा डच अधिकारी, त्याने मलबारच्या झाडाझुडपांवर बारा खंडांचा ग्रंथ करवला, १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला, त्यात सातशेहून जास्त कोरीव चित्रं. मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्या माहितीवर तो उभा आहे, आणि त्यांच्याबरोबर कोचीनला राहणारे तीन कोकणी वैद्य होते, रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. या तिघांनी नागरी अक्षरात लिहून दिलेली कोकणी साक्ष पहिल्याच खंडात छापलीय. चित्रांच्या कोपऱ्यात झाडाचं नाव रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा लिप्यांमध्ये येतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडमधल्या कोरणाऱ्याने, ज्याला ती लिपी वाचताही येत नसणार, आपली अक्षरं तांब्यावर उलटी कोरलीयत! माझ्यासारख्या कोकणातल्या बाईला ते बघून काय वाटलं असेल सांगा.

तरी मी अगदीच डोळे मिटून पैसे दिले नाहीत. त्याने सांगितलेलं सगळं तपासलं. फान रीड सुरतेकडे निघालेला असताना डिसेंबर १६९१ मध्ये मुंबईजवळ समुद्रात जहाजावरच वारला आणि सुरतेच्या डच कबरस्तानात त्याला पुरलंय, असं तो म्हणाला होता, ते खरं निघालं. वैद्यांची नावं खरी निघाली. मग मी चित्र बघितलं बॉटनीच्या नजरेने, पानांच्या शिरा, खोडालाच लागलेली फळं, कापलेल्या फणसातले गरे आणि आठळ्या, सगळं बिनचूक. बिनचूक असणारच होतं, कारण चित्र खऱ्या ग्रंथातूनच उचललेलं होतं. मी इतिहास तपासला, झाड तपासलं, आणि ज्याचे पैसे देत होते तो कागद तेवढा तपासला नाही.

किंमत ८५,००० सांगितली, शिवाय १ लाख ६० हजारांचं व्हॅल्युएशन सर्टिफिकेट बरोबर. माझं पीपीएफ तेव्हाच मॅच्युअर झालं होतं. ५०,००० यूपीआयने तीन हप्त्यात दिले आणि उरलेले त्याने कॅश मागितले. फ्रेम करूनच आलं, काच, क्रीम रंगाचं जाड माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, चारी बाजूंनी चित्रापर्यंत आलेलं, मागे टेप लावून सील. "ताई, ॲसिड-फ्री सीलिंग आहे, उघडू नका, उघडलं की सर्टिफिकेट रद्द." मी उघडलं नाही. अकरा महिने ते हॉलमध्ये होतं आणि आल्यागेल्याला मी कौतुकाने ती नागरी अक्षरं दाखवायचे.

दिवाळीत माझी एक जुनी विद्यार्थिनी आली, ती कागदाच्या कॉन्झर्व्हेशनचं, म्हणजे जुने कागद जपण्याचं काम करते. चहा हातात घेऊन ती फ्रेमजवळ उभी राहिली आणि बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मॅडम, हे रंगीत कसं? हॉर्टस तर काळ्या शाईतच छापलेला आहे ना?"

खरंच, तो ग्रंथ बिनरंगीच निघाला होता. एखाद्या मालकाने नंतर रंग भरून घेतले असं होऊ शकतं, पण ते मग "मूळ रंग" नसतात, आणि मला ते "ओरिजिनल हँड कलर" म्हणून विकलं होतं.

डायनिंग टेबलवर जुनी चादर पसरून आम्ही फ्रेम उघडली. पुढचं सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय म्हणून सविस्तर लिहिते. तांब्याच्या पत्र्यावरून छापताना ओला कागद पत्र्यावर ठेवून प्रचंड दाबाखाली काढतात, त्यामुळे पत्र्याची कड कागदात दबते आणि चित्राभोवती खोलगट चौकट उमटते, तिला प्लेटमार्क म्हणतात, बोटाला लागते. इथे माउंट काढल्यावर चौकटच नव्हती, सपाट कागद. शाईही तशीच सपाट. कोरीव छपाईत शाई रेघेवर किंचित उभी राहते, उजेड तिरका टाकला की दिसतं, ते मी नंतर माझ्या कर्टिसच्या पानावर करून बघितलं आणि फरक लख्ख कळला. मग तिने पर्समधून दहापट भिंग काढलं. पानांच्या हिरव्या रंगात निळे, पिवळे, गुलाबी बारीक ठिपके, जसे कुठल्याही प्रिंटरमधून येतात. हाताने भरलेला रंग भिंगाखाली साचलेला दिसतो, रेघेबाहेर गेलेला दिसतो, ठिपके कधीच दिसत नाहीत.

पण माझा जीव गेला तो एका भोकाने. चित्राच्या खालच्या उजव्या अंगाला कसर लागल्याचं एक बारीक भोक होतं, मला ते फार आवडायचं, जुनेपणाची खूण म्हणून. ती म्हणाली, "मॅडम, बोट फिरवा." मी बोट फिरवलं. भोक नव्हतंच. भोकाचं चित्र होतं. कडेची तपकिरी छटासुद्धा छापलेली. मधोमध जी उभी करडी सावली मी घडी समजत होते तीही छापलेली, कागदाला घडी नाहीच, जेव्हा की हॉर्टसची चित्रं दोन पानांवर पसरलेली असतात आणि पुस्तकातून निघालेल्या पानाला मधली घडी असायलाच हवी. त्याच रात्री तिने एका परदेशी लायब्ररीने फुकट उपलब्ध केलेलं स्कॅन काढून दाखवलं, भोक तिथेच, घडीची सावली तिथेच. कुणीतरी ते डाउनलोड केलं, कॉम्प्युटरवर रंगवलं आणि चहाच्या पाण्यात बुडवल्यासारख्या कागदावर छापलं.

घरात नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च होता, तो मारला तर कागद निळसर पांढरा चमकला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून जे रसायन घालतात ते विसाव्या शतकाच्या मध्यापासून आलंय, सतराव्या शतकातला कागद असा चमकत नाही. पण एवढ्यावर विसंबू नका, जुन्या चोपड्यांची कोरी पानं वापरून छापणारेही असतात, तिथे टॉर्च काहीच सांगणार नाही. कागद खिडकीत धरून बघा, त्या काळच्या हातकागदात साच्याच्या तारांच्या रेघा दिसतात. तारांच्या रेघा नसलेला गुळगुळीत कागद युरोपात १७५० च्या दशकात आला, म्हणजे १६७८ च्या पानात रेघा नसतील तर पुढे बोलायचंच कारण नाही.

मी फोन केला. तो माणूस चिडला नाही, अजिबात आवाज चढवला नाही, फक्त म्हणाला, "ताई, बिल वाचा." बिलावर लिहिलं होतं "डेकोरेटिव्ह प्रिंट, फ्रेमसहित", आणि रक्कम फक्त यूपीआयची. सर्टिफिकेटवर "हॉर्टस मलाबारिकस" मोठ्या अक्षरात आणि त्याआधी बारीक "आफ्टर". या धंद्यात आफ्टर म्हणजे मूळ नव्हे, मूळावरून केलेलं. मला हे माहीत नव्हतं, आणि त्याला माहीत होतं की मला माहीत नाही. फोनवर मात्र दहा वेळा "ओरिजिनल" म्हणाला होता.

व्हॅल्युएशनबद्दल एक सांगते. विकणाऱ्यानेच दिलेलं मूल्यांकन म्हणजे काहीही नाही. किंमत बघायची तर लिलावात खरोखर विकल्या गेलेल्या पानांची बघा, वेबसाइटवर कुणी मागितलेली नको. आणि बघताना त्याच ग्रंथाचं, त्याच झाडाचं, तशाच अवस्थेतलं पान धरा, नारळ, फणस, आंबा यांना मागणी जास्त असते आणि एखाद्या अनोळखी वेलीला कमी. पान परदेशातून आणलं म्हणतात ना, मग कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, मागा. फ्रेममधलं घेऊच नका, फ्रेम काढून उजेडात हातात देत नसेल तर उठा तिथून. बिलावर ग्रंथाचं नाव, साल आणि "मूळ एन्ग्रेव्हिंग" हे शब्द आणि पूर्ण रक्कम लिहून घ्या. कॅश देऊ नका, माझे ३५ हजार कुठल्याच कागदावर नाहीत.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर तक्रार केली, पण अकरा महिन्यांनी पैसे कुठले अडवणार, हा नंबर पैसे गेल्यागेल्या फिरवायचा असतो. पोलीस स्टेशनला लेखी तक्रार दिलीय, ग्राहक आयोगात केस टाकलीय, तिथे दोन वर्षांची मुदत असते तेवढी लक्षात ठेवा. व्हॉट्सअॅप चॅट मी डिलीट केलं नव्हतं, तेच आता कामाला येतंय, त्यात एका मेसेजमध्ये त्याने "१६८० च्या सुमाराचं अस्सल" असं स्वतः लिहिलंय.

ह्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही. पण ती अक्षरं मी माझ्या ८७ वर्षांच्या आईला कुडाळहून बोलावून दाखवली होती, तिने काचेवर हात ठेवून ती वाचली होती, आणि तिला मी अजून सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात नाशिकच्या मैत्रिणीने फोटो पाठवला, "बघ गं, तुझ्या आवडीचं, ९० हजार म्हणतोय, घेऊ का?" फणस. क्रीम माउंट. फोटो मोठा करून खालचा उजवा कोपरा बघितला, भोक तिथेच होतं.

तुम्हाला कुणाला असं पान दाखवलं गेलं असेल, घेतलं असेल किंवा नुसता फोटो आला असेल, तर फोटो आणि मेसेजचा स्क्रीनशॉट मला पाठवा, नाव झाकून पाठवलंत तरी चालेल. पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे, तक्रारीला जोडायचंय.