सेकंडहँड गाडी इन्स्पेक्शन सर्व्हिस : रिपोर्ट जाडजूड, तपासणी वरवरची (२/५)
माणूस वेळेवर आला, बोलायला चांगला, रिपोर्ट पण फोटोंसकट त्याच संध्याकाळी आला, दोन स्टार तेवढ्याचेच. बाकी रिपोर्टात हॉर्न ओके, वायपर ओके, डिकीची लाइट ओके आणि त्याच रांगेत तेवढीच हिरवी टिक चॅसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला. अरे पण गाडीखाली वाकलास तरी का? लिफ्ट नाही, जॅक नाही, बाजूने मोबाइलचा टॉर्च मारला की झालं चॅसिस.

गाडी घेतल्यावर गॅरेजवाल्याने लिफ्टवर चढवली तर पुढच्या चॅसिस रेलवर वेल्डिंग, कंपनीचे गोल स्पॉट नाहीत, हाताने ओढलेली जाड रेघ आणि वरून काळं कोटिंग फासलेलं. म्हणजे समोरून चांगलीच ठोकलेली गाडी. पेंटची जाडी मोजायचं मीटर होतं की त्याच्याकडे! पण लावलं कुठे तर बॉनेटला आणि दरवाजांना. कंपनीचा पेंट साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, पुट्टी भरली की आकडा कितीतरी वर जातो, पण बॉनेट अख्खं नवीन टाकलं असेल तर तिथे काय सापडणार, मीटर पिलरला (छत पेलणारे खांब) आणि ॲप्रनला (बॉनेटखालचा, चाकावरचा आतला पत्रा) लावायचं, ते काही बोल्ट खोलून बदलता येत नाहीत.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरचं तर विचारूच नका. एकही कोड नाही, म्हणून टिक. कोड कुणीही पुसू शकतो, पण पुसले की रेडीनेस मॉनिटर (गाडी स्वतःच करत असलेल्या तपासण्यांच्या नोंदी) पण कोरे होतात आणि गाडी बऱ्यापैकी चालल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. त्यांच्याच रिपोर्टातल्या स्क्रीनशॉटमध्ये कॅटॅलिस्टसमोर (धूर साफ करणारा भाग) नॉट रेडी स्पष्ट दिसतंय, म्हणजे कोड नुकतेच पुसल्याचा संशय यायला हवा, फोटो काढला पण वाचला कुणी नाही. इंजिन मालकाने आधीच गरम करून ठेवलेलं, तरी कोल्ड स्टार्ट, म्हणजे थंड इंजिन सुरू करून बघणं, ओके (कमाल आहे).

कस्टमर केअरचं म्हणणं, शेवटच्या पानावर लिहिलंय ना, फक्त नजरेने केलेली तपासणी. बरं, मग जे बघितलंच नाही तिथे तपासलं नाही असं लिहा की, तर तो पर्यायच फॉर्ममध्ये नाही, ओके नाहीतर नॉट ओके. मला वाटतं खरा घोळ इथेच आहे, एकामागून एक गाड्या उरकणाऱ्या माणसाचं बोट आपोआप ओकेवरच जाणार.

बुक करायचंच असेल तर गाडी लिफ्टवर घेणार का आणि इंजिन थंड असताना येणार का हे फोनवरच विचारा, आढेवेढे घेतले तर सरळ आपला मेकॅनिक घेऊन जा.