जुन्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर: तपकीर गल्लीत झालेली फसवणूक

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. जुना कॉम्प्युटर विंडोज ११वर न्यावा म्हणून मी प्रोसेसर शोधत होतो आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने मला सरळ फसवलं. आणखी कुणाचे पैसे असे जाऊ नयेत म्हणून सगळं लिहितोय.

माझा मदरबोर्ड एच११० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप), त्यावर इंटेलचा सहाव्या पिढीचा आय३-६१०० प्रोसेसर. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. बोर्डाचा फोटो दाखवून मी स्पष्ट विचारलं, "यावर आठवी पिढी चालेल का?" "साहेब, दोन्ही ११५१ सॉकेट. डोळे झाकून घ्या!" सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा. आठव्या पिढीचा सेकंडहँड आय५-८४०० त्याने माझ्यासमोर बसवला. खाचासुद्धा बरोबर जुळल्या. टेस्टिंगचा मॉनिटर बंद आहे म्हणाला, जुना आय३ एक्स्चेंजमध्ये ठेवून घेतला आणि वर साडेचार हजार रोख घेतले. चिठ्ठीवर फक्त 'सीपीयू' (म्हणजे प्रोसेसर) लिहिलं.

घरी पंखा फिरला, पण स्क्रीनवर 'नो सिग्नल'. परत गेलो तर म्हणतो, "तुमचा बोर्डच उडालाय, नवा घ्या, लगेच लावून देतो." खरा डाव हाच होता. कोथरूडच्या ओळखीच्या रिपेअरवाल्याने त्याच बोर्डावर सहाव्या पिढीचा प्रोसेसर लावला आणि डिस्प्ले आला. बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं.

ऑक्टोबर २०१७मध्ये डेस्कटॉपसाठी आठवी पिढी आली तेव्हा इंटेलने सॉकेट एलजीए ११५१च ठेवलं, पण वीजपुरवठ्याच्या पिनांची मांडणी बदलली आणि ३०० मालिकेचा चिपसेट सक्तीचा केला. एच११०वर सहावी आणि सातवी पिढीच चालते, सातवीसाठीही बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) नवं लागतं. रोज हेच विकणाऱ्याला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

खरेदीआधी विंडोजमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा. 'बेसबोर्ड प्रॉडक्ट'समोर बोर्डाचं मॉडेल दिसतं. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची 'सीपीयू सपोर्ट लिस्ट' असते. तुमचा प्रोसेसर त्यात हवाच, आणि शेजारी दिलेली बायोस आवृत्तीही बघा. बायोस अपडेट जुना प्रोसेसर काढण्याआधी करायचं, नंतर स्क्रीनच येणार नाही. दुकानात चालू करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका, जुना प्रोसेसर तर अजिबात सोडू नका.

बिलावर प्रोसेसरचं पूर्ण मॉडेल आणि 'एच११० बोर्डासाठी' असं लिहून घ्या. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणंही त्यातच येतं, आणि बिलावर मुदत नसेल तर ती ३० दिवसांची धरतात. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. तिथे भागलं नाही तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.