चमचाभर पाण्यासाठी साठ लिटरची टाकी उतरवा

आमच्या कॅम्परव्हॅनचा, म्हणजे राहायची सोय केलेल्या गाडीचा, हा रिव्ह्यू. अकरा महिने झाले, साधारण नऊ हजार किलोमीटर. बीएस-६ (प्रदूषणाचे नवे नियम पाळणारी) डिझेल व्हॅन, मागे झोपायला दोन बंक, ओटा, छतावर सोलर. बाकी माहिती तुम्हाला असेलच, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. डिझेल फिल्टरच्या बुडाशी पाणी सोडायचा एक स्क्रू असतो. आमच्या बॉडीवाल्याने सांडपाण्याची साठ लिटरची टाकी नेमकी त्याच्यासमोर ठोकली आहे.

हसू नका. ऑगस्टमध्ये लेकीकडे बडोद्याला निघालो होतो. इंदूरच्या रामबागेतून निघताना गाडी ठणठणीत. धार गेलं आणि माछलिया घाटाच्या चढावर गाडीने मान टाकली. ॲक्सिलरेटर दाबून उपयोग नाही, दुसऱ्या गिअरमध्ये वीसचा वेग, मागे ट्रकांची रांग आणि मीटरवर पिवळा दिवा. फिल्टरच्या तळाशी पाणी साचलं की सेन्सर दिवा लावतो आणि इंजिनची ताकद मुद्दाम कमी केली जाते. ते बरोबरच आहे म्हणा. कॉमन रेलचा (जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या यंत्रणेचा) पंप आणि इंजेक्टर यांना वंगण डिझेलचंच असतं. तिथे पाणी पोचलं तर गंज धरतो आणि मग बिल पाहून माणूस खाली बसतो.

खरं तर काम दोन मिनिटांचं. स्क्रू सैल करा, पाणी जाऊ द्या, निव्वळ डिझेल यायला लागलं की बंद करा, हातपंप दाबून हवा काढा. झाबुआला एका गॅरेजवाल्या पोराने गाडीखाली झोपून पाहिलं. हात मनगटापर्यंत जातो, पुढे टाकी. ‘अंकल, ये तो टंकी उतरेगी,’ म्हणाला. तीस-चाळीसच्या वेगाने इंदूरला परत आलो. हिने वाटेत एक शब्द काढला नाही, त्यावरून काय ते समजा.

सर्व्हिस सेंटर म्हणालं, बॉडी बाहेर बनवलीत, टाकी उतरवून आणा, मग हात लावू. बॉडीवाला म्हणाला, चेसिसवर जागाच तेवढी होती, फिल्टरच चुकीच्या ठिकाणी आहे. म्हणजे गाडी आधी बनली, टाकी नंतर बसली, तरी चूक फिल्टरची! टाकी उतरवून पुन्हा बसवायचे त्याने दर खेपेला बावीसशे सांगितले. चमचाभर पाण्याचे बावीसशे. तीन आठवडे गाडी दारात, आणि मी जाता-येता वाकून तो स्क्रू बघतोय, दातात अडकलेली सुपारी जिभेने चाचपावी तसा.

इथवर लिहून मी एक स्टार देणार होतो. मग देवास नाक्यावरच्या एका मिस्त्रीकडे गेलो. माझी कल्पना अशी की स्क्रूला लांब नळी जोडून तोंड बाहेर काढावं. तो म्हणाला, ‘भिया, नली मत लगवाओ, एअर पकड़ लेगी.’ या गाडीत पंप डिझेल खेचून घेतो, त्यामुळे जोड जरा सैल राहिला तर डिझेल गळून कळत नाही, आत हवा शिरते आणि सकाळी गाडी सुरूच होत नाही. त्याने लोखंडी अँगल वेल्ड करून टाकीच पाच इंच मागे सरकवली. चहा धरून चौदाशे.

जाता जाता त्याने डिझेलचं झाकण उघडून दाखवलं. आतलं रबर तडकलेलं. पाऊस तिथूनच आत जात होता. शिवाय मी डिझेलची टाकी कायम पावच भरलेली ठेवायचो, कारण दाहोदला डिझेल इथल्यापेक्षा थोडं स्वस्त मिळतं आणि बडोद्याला जाणं ठरलेलं. आता रिकाम्या टाकीत दमट हवा भरते आणि रात्री गार पत्र्यावर तिचं पाणी होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण लिटरमागे रुपया वाचतोय म्हटलं की डोकं चालत नाही. तरीही सांडपाण्याच्या टाकीची जागा चुकलीच होती. ते मी सोडणार नाही.

डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, त्याबद्दल मात्र माझे शब्द मागे घेतो. पहिले चार महिने ओळखीच्यांना सांगत सुटलो होतो की काजळीचा हा फिल्टर म्हणजे डोकेदुखी. झालं असं की महेश्वरला मुक्कामी असताना बॅटरी भरायला मी इंजिन तासन्‌तास आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) ठेवायचो. आयडलवर सायलेन्सर पुरेसा तापत नाही, काजळी साचते. ती जाळायला आत सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. दिवा लागला की बायपासवर खालच्या गिअरमध्ये सलग वीस-पंचवीस मिनिटं गाडी हाणायची, विझतो. मधेच इंजिन बंद केलं तर जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, बदला.

सोलर आणि २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी उत्तम. एकदाच पंप आणि दिवे मंदावले, तेव्हा बॅटरीवर खापर फोडणार होतो. निघाली अर्थची वायर, नट सैल आणि खाली रंग न खरवडता बसवलेली. सँडपेपरचा तुकडा आणि दहा मिनिटं.

साडेतीन स्टार. अर्धा मिस्त्रीचा आहे, गाडीचा नाही.

आता दर पंधरा दिवसांनी रविवारी, पोहे-जलेबी झाली की, गाडीखाली काचेची बरणी धरून स्क्रू सोडतो. वर डिझेल, खाली पाणी, मधली रेघ अगदी स्पष्ट दिसते. रबर बदलल्यापासून आणि डिझेलची टाकी भरलेली ठेवू लागल्यापासून खाली काहीच येत नाही. बरणी मुरांब्याची होती हे हिला परवा कळलं. नवीन आणायची आहे, चांगल्या झाकणाची.