विंडोजवर सीरिअल पोर्ट: सिग्विन की डब्ल्यूएसएल २?

सीरिअल पोर्टशी (बोर्डासारख्या उपकरणांशी एकेक बिट करून बोलायची जोडणी) बोलणारं युनिक्स पद्धतीचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालवायचं, तर बहुतेकांची निवड दोघांतच होते: सिग्विन, म्हणजे युनिक्सचे प्रोग्राम विंडोजसाठी कंपाइल करून चालवायची सोय, किंवा डब्ल्यूएसएल २, म्हणजे विंडोजच्या आत चालणारं लिनक्स. मी दोन्ही वापरली आहेत. तुमचं काम वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं, हे आधीच मान्य करतो.

डब्ल्यूएसएल २ ची बाजू भक्कम आहे. आत खरं लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा), त्यामुळे लिनक्सची तयार बायनरी (आधीच कंपाइल केलेला प्रोग्राम) जशीच्या तशी चालते. सिग्विनमध्ये ती चालत नाही. सोर्स घेऊन कंपाइल करा, आणि प्रोग्रामने लिनक्सची खास आयओक्टल (उपकरणाला थेट हुकूम देणारे कॉल) वापरली असतील तर कोडमध्ये हात घाला. साधं टर्मिऑसवर (सीरिअल पोर्ट हाताळायची युनिक्सची ठरलेली पद्धत) लिहिलेलं काही असेल तर मात्र सहसा निमूटपणे कंपाइल होतं.

घोडं अडतं ते पोर्टपाशी. डब्ल्यूएसएल २ व्हर्च्युअल मशीनमध्ये चालत असल्यामुळे विंडोजचा कॉम पोर्ट (सीरिअल पोर्टचं विंडोजमधलं नाव) त्याला थेट दिसत नाही. मध्ये यूएसबीआयपीडी-विन हे यूएसबी उपकरण लिनक्सकडे सोपवणारं साधन घालावं लागतं: अ‍ॅडमिन म्हणून एकदा ‘बाइंड’, मग ‘अटॅच’, की लिनक्समध्ये टीटीवाय-यूएसबी० किंवा टीटीवाय-एसीएम० या नावाने पोर्ट उगवतो. अटॅच असेपर्यंत विंडोजमधल्या प्रोग्रामना तो पोर्ट मिळत नाही. मदरबोर्डवरचा जुना नऊ पिनांचा पोर्ट असेल तर ही वाटच बंद, कारण तो यूएसबी नाहीच.

एवढं मी चालवून घेतलं असतं. पण माझ्याकडे आर्डुइनो लिओनार्डोसारखे एटीमेगा३२यू४ चिपवाले मायक्रोकंट्रोलर बोर्ड असतात. त्यात नवं फर्मवेअर (बोर्डवर चालणारा प्रोग्राम) टाकताना पोर्ट १२०० बॉड या वेगाला उघडून बंद करायचा. बोर्ड यूएसबीवरून गायब होतो आणि बूटलोडर (नवं फर्मवेअर स्वीकारणारा छोटा प्रोग्राम) बनून वेगळ्या ओळखीने परत येतो. तो जेमतेम ८ सेकंद थांबतो. इकडे अटॅच तुटलेलं, आणि नव्या ओळखीला स्वतःचं बाइंडही हवं. ऑटो-अटॅचचा पर्याय आहे, बाइंड आधी करून ठेवता येतं; तरी माझ्या अनुभवात ती शर्यत कधी जिंकायची, कधी हरायची. कोडमधला दोष शोधताना अपलोडवरच शंका घ्यावी लागणं, हे मला झेपेना.

सिग्विनमध्ये मधला दलालच नाही. विंडोजच्या ड्रायव्हरने पोर्ट दिला की तो लगेच टीटीवाय-एस म्हणून हजर. क्रमांक मात्र एकाने मागे: कॉम७ म्हणजे टीटीवाय-एस६. बूटलोडरला विंडोज वेगळा कॉम क्रमांक देतं, तोही स्क्रिप्टमध्ये धरावा लागतो. पण त्या यंत्रावर तो बहुधा तोच राहतो. एसटीटीवाय या कमांडने वेग बसवा, फर्मवेअर चढवणाऱ्या एव्हीआरड्यूडला पोर्ट सांगा, झालं. एमएसवायएस२ या तशाच दुसऱ्या सोयीचा पायाही सिग्विनचाच, त्यामुळे नावांची पद्धत तीच.

डब्ल्यूएसएल १, म्हणजे आधीची आवृत्ती, अजून निवडता येतं, हे बरेच जण विसरतात. तिथे कॉम७ सरळ टीटीवाय-एस७ असतो, फक्त परवानगीसाठी सुडो (अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवणं) लागू शकतं. लिनक्सची बायनरी हवीच असेल आणि पोर्टवर साधं वाचन-लेखनच असेल, तर आधी तेच करून पाहा.

उपकरण एकदा जोडून तासन्‌तास तसंच राहणार असेल, किंवा प्रोग्रामचा सोर्सच हाती नसेल, तर डब्ल्यूएसएल २ घ्या. पण बोर्ड सारखा रीसेट होणार असेल, केबल काढघाल चालणार असेल, तर माझं मत सिग्विनला.